पंधरा चिंचोक्यांची वाढ

तीन पत्तीत पैसे संपलेल्या माणसापुढं दोनच वाटा असतात. शेजाऱ्यापुढं हात पसरायचा, नाहीतर पानं टाकून मागं सरकायचं. शो मागून, म्हणजे पानं उघडायला लावून, सोक्षमोक्ष लावावा म्हटलं, तर त्यासाठी डावात दोघंच उरलेले लागतात. तिघं असले की शो नाही. त्यातून तुम्ही पानं बघितलेली असतील आणि समोरचे ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, खेळत असतील, तर ते जेवढे टाकतील त्याच्या निदान दुप्पट तुम्हाला टाकावे लागतात. हातात एक्क्यांची जोडी आणि खिसा रिकामा, अशा माणसाचा चेहरा ज्यांनी बघितलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. त्याला पानांनी हरवलेलं नसतं. ज्याच्याकडं नोटा जास्त होत्या त्यानं त्याला नुसतं ढकलून बाहेर काढलेलं असतं.

आमच्या सांगलीकडं गणपतीच्या जागरणाला आणि दिवाळीत पत्ते निघतातच. बलिप्रतिपदेचं दुसरं नाव द्यूतप्रतिपदा आहे, हे सांगून थोरली माणसं वर धर्माचा आधारही द्यायची. पेपरात मात्र त्याच खेळाचं नाव ‘तीन पानी जुगार’ होतं, आणि अड्ड्यावरच्या छाप्याच्या बातमीत रोख रक्कम, मोबाइल आणि मोटारसायकली अशी मुद्देमालाची यादी असते. त्या मोटारसायकली वाचून माझ्या मनात येतं, पोलीस तासभर उशिरा गेले असते तर यातल्या काहींचे मालक बदललेले असते.

१९६७ साली सुप्रीम कोर्टानं आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, आणि त्याच निकालपत्रात तीन पानांचा ‘फ्लश’ हा निव्वळ नशिबाचा खेळ ठरवला. कोर्टापुढं मी कोण बोलणार? पण तीन पत्ती जवळून बघितलेल्या कुणालाही विचारा. त्यात नशीब असतं ते पानं वाटून होईपर्यंत. पुढचा सगळा खेळ कुणाचा खिसा किती खोल याचा.

पोकर मला शिकवलं भाच्यानं. तो पुण्यात आयटीत. लॉकडाउनमध्ये तासगावला घरी येऊन राहिला, तेव्हा त्यानं आधी आईवडिलांना आणि मग सांगलीत विश्रामबागेत आमच्या घरी येऊन आम्हाला सगळ्यांना या नादाला लावलं. पैसे लावायचे नाहीत ही ताईची अट. म्हणून चिंचोके. पुढं २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाच केला, तेव्हा ताईनं भाच्याकडं असं बघितलं की जणू संसदेनं तिलाच विचारून मतदान घेतलं होतं.

मी सहकारी बँकेत कॅश काउंटरला नोकरी केली, त्यामुळं घरच्या डावात गल्ला आपोआप माझ्याकडं आला. मी पानं वाटते, चिंचोके मोजते, भांडणं सोडवते, आणि स्वतः खेळत नाही. खेळत नसल्यानंच मला या खेळाचे नियम नीट दिसले असं मला वाटतं. खेळणाऱ्याचं लक्ष आपल्या दोन पानांवर असतं. गल्ल्यावर बसणारीला फक्त एकच काळजी: कुणाचे किती आले, कुणाला किती जायचेत, आणि शेवटी बेरीज जुळते का.

खेळ थोडक्यात सांगते. प्रत्येकाला दोन पानं बंद. मध्ये पाच पानं उघडी होतात, ती सगळ्यांची: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. सातातली उत्तम पाच ज्याची, तो जिंकला. पानं वाटल्यावर एकदा आणि मधली पानं उघडतील तसतशी तीनदा, अशा बोलीच्या चार फेऱ्या होतात. बोली आली की टाका, वाढवा, नाहीतर पानं सोडा. एवढं कळलं की बसता येतं. आमच्या जाऊबाई पहिल्याच रात्री जिंकल्या आणि त्यानंतर आठवडाभर सगळ्यांना शिकवत होत्या.

या खेळाचा पाया मात्र पानांत नाही. तो आहे एका साध्या नियमात. डाव सुरू होताना तुमच्या समोर जेवढं आहे, तेवढंच तुमचं. मध्येच खिशात हात घालायचा नाही, बायकोकडं बघायचं नाही, घड्याळ काढायचं नाही. उलट बाजूही तितकीच कडक आहे: जिंकलेले चिंचोके गुपचूप उचलून बाजूलाही ठेवता येत नाहीत. ते पटावर राहतात आणि पुढच्या डावात पणाला लागू शकतात. भर घालायची असेल तर दोन डावांच्या मध्ये. आणि ज्याच्या समोरचं संपलं त्यानं ‘ऑल इन’ म्हणायचं, होतं नव्हतं ते पुढं सरकवायचं, आणि हाताची घडी घालून बसायचं. त्याला आता कुणी बाहेर काढू शकत नाही. पाचही पानं तो बघणार आणि शेवटी आपली दोन दाखवणार.

महाभारतातल्या द्यूतसभेत हा एक नियम असता तर? युधिष्ठिरानं धन लावलं, ते गेलं. इथं डाव संपायला हवा होता. पण पटावर काही उरलं नसताना त्यानं नकुल लावला, सहदेव लावला, अर्जुन, भीम, मग स्वतःला. आणि सगळं गेल्यावर अजून द्रौपदी शिल्लक आहे ही आठवण करून दिली ती शकुनीनं, म्हणजे समोरच्या खेळाडूनं. द्रौपदीनं निरोप्याबरोबर उलट विचारलेला प्रश्न आपल्याला नेहमी तिच्या अपमानाच्या अंगानं सांगितला जातो. मला तो गल्ल्यावरच्या बाईचा प्रश्न वाटतो. आधी कोण हरलं, ते की मी? स्वतः संपलेला माणूस पुढची बोली लावूच कशी शकतो? सभेत भीष्मांपासून सगळे बसलेले, आणि हिशेबाचा मुद्दा काढला तो तिनं. दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण, त्यानं तो उचलून धरला. शिवाय पण लावायचा दुर्योधनानं आणि फासे टाकायचे शकुनीनं, हीही गडबडच. युधिष्ठिरानं सुरुवातीला त्याला नापसंती दाखवली होती, पण बसला खेळायला.

असो. समोरचं संपलेल्याला डावात ठेवायचं ठरलं, की पुढचा प्रश्न येतो. त्यानं थोडेच टाकलेत आणि बाकीच्यांनी जास्त, तर तो जिंकल्यावर त्याला किती द्यायचे? उत्तर असं: त्यानं स्वतः जेवढे घातले तेवढेच प्रत्येकाकडून. जास्तीचे बाजूला. त्याला साइड पॉट म्हणतात, आमच्याकडं ‘बाजूचा गल्ला’ म्हणतात. मुख्य गल्ला जेवायच्या ताटात, बाजूचा स्टीलच्या वाटीत, आणि आणखी एक निघालाच तर दुसऱ्या वाटीत. समजा ताईकडं ५० उरले होते, शेजारच्या सरांकडं १२०, आणि आमच्या भावजींकडं २००. तिघांनी सगळं सरकवलं. ताट भरायचं ते प्रत्येकी ५० नी: १५०. त्यावर तिघांचा हक्क. सर आणि भावजी यांच्यात आणखी ७० ची बरोबरी होते, म्हणून वाटीत १४०. त्यावर दोघांचाच हक्क. भावजींचे वरचे ८० कुणीच स्वीकारू शकत नाही, म्हणून ते जसे आले तसे परत. १५०, १४० आणि ८० मिळून ३७०, आणि तिघांचे मिळूनही ३७०. बेरीज जुळली.

निकाल आधी वाटीचा लावतात, मग ताटाचा. ताईची पानं सगळ्यात चांगली असली तरी तिला थांबावं लागतं. सर आणि भावजी आपसात १४० चा निकाल लावतात, आणि मग ताई १५० घेते. पन्नास घालून दीडशे. वाटीतलं तिला मिळत नाही, आणि त्याबद्दल कुणी हळहळायचंही नाही, कारण त्या वाटीत तिचा एकही चिंचोका नव्हता. भावजींची पानं सरस निघाली तर ते ताट आणि वाटी दोन्ही उचलतात.

बँकेत मी कर्जवसुलीची प्रकरणं बघितली आहेत. कमी देऊ शकणाऱ्याचं काय करायचं हे ठरवणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. एक तर त्याला चिरडतात, नाहीतर सगळं माफ करून बसतात. इथं दोन्ही नाही. हा भाग आमच्या घरात सगळ्यांना पटकन पटला. गोरगरिबांच्या बाजूचा नियम पटायला वेळ लागत नाही.

भांडण झालं ते दुसऱ्या नियमावरून.

त्या रात्री डावात चौघं उरले होते. चार पानं उघडी होती, पाचवं बाकी. जाऊबाईंनी २० ची बोली लावली. भावजींनी ती वाढवून ६० केली, म्हणजे ४० ची वाढ. पुढं दाजी. दाजींच्या समोर एक छोटी ढिगुली राहिलेली. त्यांनी ती मोजली नाही, नुसती तळहातानं पुढं सारली, आणि सुपारी दुसऱ्या गालात घेतली. मी मोजले. चिंचोके जोडीजोडीनं लावायची माझी सवय आहे, एकमेकांना चिकटून बसतात तसे, त्यामुळं चूक होत नाही. सदतीस जोड्या आणि एक सुटा. पंच्याहत्तर. मग सरांनी बराच विचार करून ७५ टाकले. जाऊबाईंनी आपल्या वीसांवर ५५ घालून ७५ केले. आता फिरून भावजी. त्यांना फक्त १५ द्यायचे होते.

भावजींचा हळदीच्या अडतीचा धंदा. माणूस बोलीवर वाढलेला. त्यांनी आपला ढीग हातानं चाचपला आणि म्हणाले, “हं, आता बघा. दोनशे.”

भाचा म्हणाला, “काका, तुम्हाला वाढवता येणार नाही. पंधरा टाका, नाहीतर पानं सोडा.”

“का रे? माझ्या साठवर पाव्हण्यांनी पंच्याहत्तर केले का नाही?”

“केले.”

“मग बोली वाढली का नाही?”

“वाढली, पण पूर्ण वाढली नाही.”

“अर्धवट वाढणं असं काय असतंय का? सौद्यात एक रुपया वाढला तरी बोली वाढलीच की! परत माझी पाळी येणार का नाही?”

भाचा गप्प बसला, कारण नियम त्याला पाठ होता पण कारण सांगता येत नव्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. दाजी तेवढे छताकडं बघत होते. त्यांचं काम झालं होतं.

नियम असा आहे. बोली वाढवायची तर त्या फेरीतल्या आधीच्या वाढीइतकी तरी वाढवावी लागते. भावजींनी ४० नी वाढवली होती, तेव्हा पुढची पूर्ण वाढ ४० ची, म्हणजे १०० वर. दाजींकडं तेवढे नव्हते. नसले तरी सगळं सरकवायचा हक्क त्यांना आहेच. पण ती पूर्ण वाढ नव्हे, म्हणून जो माणूस या फेरीत आधीच बोललाय आणि ज्याच्या अंगावर तेव्हापासून एकही पूर्ण वाढ आलेली नाही, त्याला त्या तुटपुंज्या वाढीच्या आधारानं पुन्हा वाढवता येत नाही. द्या किंवा सोडा.

मजा अशी की त्याच १५ चिंचोक्यांपुढं तिघांचे तीन वेगळे हक्क होते. सर त्या फेरीत अजून बोललेलेच नव्हते. त्यांना सगळं मोकळं होतं: सोडा, ७५ टाका, किंवा वाढवा, मात्र वाढ ४० ची, म्हणजे निदान ११५ वर. जाऊबाई एकदा बोलल्या होत्या, २० वर. पण त्यानंतर त्यांच्या अंगावर ५५ आले, आणि त्यात भावजींची ४० ची पूर्ण वाढ होती. म्हणून त्यांनाही वाढवता आलं असतं. त्यांनी नुसते टाकले ही त्यांची मर्जी. आणि भावजी? ते ६० वर बोलले होते. त्यानंतर त्यांच्या अंगावर आले फक्त १५. जाऊबाईंनी किंवा सरांनी वाढवलं असतं तर भावजींचा हक्क उघडला असता. दोघांपैकी कुणीच वाढवलं नाही. म्हणजे भावजींच्या आव्हानाला सगळ्यांनी मान्यता दिली होती, आणि एकाची ऐपत नेमकी त्याच्या थोडी पुढं जाऊन संपली होती. पटावर किती पडलेत याच्यावर तुमचा हक्क ठरत नाही. तुम्ही शेवटचं बोलल्यापासून तुमच्यावर काय आलं, याच्यावर ठरतो.

सौद्याच्या दाखल्याला मी भावजींना उत्तर दिलं ते असं. सौद्यात एक रुपया वाढवणारा त्या सगळ्या ढिगाचा भाव वाढवतो, आणि बोली त्याच्यावर सुटली तर सगळा ढीग त्याला उचलावा लागतो. त्याचा रुपया म्हणून पूर्ण असतो. दाजींनी भाव वाढवलाच नव्हता. त्यांनी होतं तेवढं ठेवलं. साठ असते तर साठ ठेवले असते, पंचावन्न असते तर पंचावन्न. त्या १५ मध्ये तुमच्याविषयी काहीही म्हटलेलं नाही भावजी, ते फक्त त्यांच्या खिशाविषयी आहे.

“वहिनी, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होता,” असं म्हणत त्यांनी १५ टाकले. पटलं नव्हतं.

खरं कारण मी त्या रात्री सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर कुणावर तरी आळ आल्यासारखं झालं असतं. इथं सांगते. समजा दोघं आतून मिळालेत. एकाकडं भरपूर, दुसऱ्याकडं थोडे. भरपूरवाला बेताची वाढ करतो. मधल्या दोघांना ती परवडेलशी वाटते, ते टाकतात. थोडेवाला त्याच्यावर चार चिंचोके जास्त ठेवून मोकळा होतो. आता एवढ्यानं बोली पुन्हा उघडत असेल, तर भरपूरवाला लगेच प्रचंड वाढ करणार. मधले दोघं चिमट्यात: टाकलेले सोडवत नाहीत आणि नवे घालवत नाहीत. थोडक्या पैशाचा माणूस मग खेळाडू राहत नाही, दुसऱ्याच्या हातातली किल्ली होतो. म्हणून तो नियम. गरिबाला डावातून हाकलायचं नाही हे जितकं खरं, तितकंच गरिबाच्या खांद्यावर बंदूक ठेवून दुसऱ्यानं मारायचं नाही हेही खरं. पहिल्याला टाळ्या पडतात. दुसऱ्याला पडत नाहीत, पण मला विचाराल तर नियम करणाऱ्याची अक्कल त्या दुसऱ्यात जास्त दिसते.

आणि लबाडी बाजूला ठेवली तरी साधी गोष्ट आहे. भावजींना एकदा संधी मिळाली होती. २०० करायचे होते तर तेव्हाच करायचे. साठावर काम भागतंय का बघू, आणि कुणी जरा हललं की मग खरं काय ते सांगू, असं दोनदा बोलायचं कुणाला आवडणार नाही?

त्या डावाचं पुढं काय झालं ते सांगण्यासारखं आहे. ताटात चौघांचे मिळून ३००, शिवाय आधीच्या फेऱ्यांचे. बाजूची वाटी रिकामी, कारण ७५ वर सगळे बरोबरीत होते. पाचवं पान उघडलं: किलवरची दुरी, कुणाच्या कामाची नाही. दाजी आता बोलू शकत नाहीत. राहिले तिघं. जाऊबाईंनी पटावर टिचकी मारली, म्हणजे बोली नाही. भावजींनीही नाही. आणि सरांनी, आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसानं, १०० सरकवले.

जाऊबाईंनी पानं टाकली. भावजींनीही टाकली. सर खुशीत. मी १०० चिंचोके त्यांचे त्यांना परत दिले, कारण ते स्वीकारायला कुणीच उरलं नव्हतं, आणि म्हटलं, “सर, वाटीत काहीच नव्हतं. आता ताटासाठी तुमची पानं दाखवा.” सरांकडं काही नव्हतं. जोडीसुद्धा नाही. दाजींकडं नव्व्यांची जोडी होती. सगळं ताट दाजींकडं गेलं.

मग भावजींनी आपली टाकलेली पानं उलटी करून दाखवली. दोन जोड्या. दाजींना सहज हरवलं असतं. सरांनी थाप मारून हुसकावलं ते नेमकं ज्याच्याकडून दाजी हरणार होते त्याला, आणि स्वतःला मिळवलं शून्य. कोरड्या वाटीवर थाप मारू नये, हे पोकर खेळणारे नवशिक्याला सांगत असतात ते यासाठीच. थाप ही समोरच्याला घाबरवायला असते, आणि ज्याचं सगळं आत गेलंय त्याला घाबरवायचं कशानं? त्याच्याकडं घालवायला काही उरलेलंच नाही. ऑल इन झालेल्या माणसाचं हेच बळ.

भावजी सरांवर चिडले. “सर, आपण तिघांनी गप बसायचं, पान बघायचं, आणि पाव्हण्यांना घरी पाठवायचं, एवढंच होतं की!” आता हेही असं उघड बोलून ठरवायला बंदी आहे. स्पर्धांमध्ये तिघांनी मिळून एकाला काढायचा बेत केला तर ती लबाडी धरतात. प्रत्येकानं आपापल्या डोक्यानं गप्प बसावं. ठरवून गप्प बसू नये. भाच्यानं हे सांगितल्यावर ताई म्हणाली, “म्हणजे आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं नाही म्हणायचं.”

शेवटच्या चिंचोक्याची ताकद काय असते याची पोकरवाल्यांची एक आवडती गोष्ट आहे. १९८२ साली लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये जॅक स्ट्रॉस नावाच्या खेळाडूनं सगळं पुढं सारलं आणि तो हरला. उठताना त्याला रुमालाखाली राहिलेली पाचशेची एक चकती दिसली, असं सांगतात. तो तोंडानं ‘ऑल इन’ म्हणाला नव्हता, म्हणून ती चकती त्याची धरली गेली आणि त्याला पुन्हा बसू दिलं. ती स्पर्धा शेवटी त्यानंच जिंकली. भाचा ही गोष्ट सांगतो तेव्हा जिद्दीची म्हणून सांगतो. मला त्यात वेगळंच दिसतं. ती चकती पडद्याआड राहिली हे गल्ल्यावर बसणाऱ्याला खटकण्यासारखं आहे. चिंचोके सगळ्यांना दिसतील असे ठेवा, मोठ्या किमतीचे पुढं ठेवा, हा नियम त्यासाठीच असतो. समोरच्याकडं किती आहेत हे बघूनच माणूस बोली ठरवतो. आमच्याकडं डावाआधी साडीच्या पदराखालचे, ताटलीखालचे, सगळे बाहेर काढायला लावते. तोंडानं म्हटलेला शब्द मात्र बांधतो, तेही बरोबरच आहे. ‘ऑल इन’ म्हणालात की गेले, मग हात कितीही हळू हलला तरी.

भांडण त्या रात्री मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी भावजी सकाळीच चहाला आले आणि त्यांनी कागदावर गणित करून आणलेलं. “वहिनी, समजा सरांनी ७५ टाकले नसते. समजा त्यांच्याकडं एकूण शंभरच होते आणि तेही ऑल इन झाले असते. मग दाजींची वाढ १५ ची, अर्धवट. सरांची २५ ची, तीही अर्धवट. पण माझ्या अंगावर मिळून चाळीस आले. आता?”

मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, मोठ्या स्पर्धा ज्या नियमावलीनं चालतात त्यात याचं उत्तर आहे: अर्धवट वाढी एकत्र धरायच्या, आणि तुमच्या अंगावर मिळून पूर्ण वाढ आली असेल तर तुमचा हक्क उघडला. तेव्हा हो, त्या परिस्थितीत काकांना दोनशे करता आले असते. भावजींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, “बघ, मी म्हणत होतो!” ते तसं काहीच म्हणत नव्हते, पण माझा बोलायचा मुद्दा वेगळा आहे. त्यांनी नियमाची हद्द स्वतः शोधून काढली होती. ज्याला नियम पटलेला नसतो तोच असा कागद घेऊन बसतो.

दाजींची तक्रार उलटी. त्यांनी ती तासगावहून निरोपानं कळवली. त्यांचं म्हणणं, मी सगळं टाकलं तरी तुम्ही त्याला वाढ धरत नाही, म्हणजे माझे चिंचोके चिंचोके नाहीत का? त्यांना सांगितलं, द्यावे सगळ्यांना लागलेच ना? भावजींनी पंधरा टाकलेच. जाऊबाईंनी, सरांनीही तुमच्या बरोबरीला पंच्याहत्तर केले. तुमचे पैसे पुरते धरले. फक्त त्या पैशांच्या मागं लपून दुसऱ्याला बोलू दिलं नाही.

भाच्यानं मध्ये आणखी एक काडी टाकली. बोलीचा आकडा ठरलेला असतो त्या प्रकारच्या पोकरमध्ये, म्हणजे लिमिटमध्ये, निम्म्याचा नियम आहे: वीसची बोली असेल आणि कुणी तीसवर ऑल इन झाला, तर वरचे दहा म्हणजे निम्मी वाढ भरली, ती पूर्ण धरायची आणि बोली सगळ्यांना उघडायची. अठ्ठावीसवर झाला तर नाही. दाजींना हे एकदम पसंत पडलं. निम्म्यापर्यंत आलेल्या माणसाला पूर्ण धरा, हे त्यांना माणुसकीला धरून वाटलं. आपल्याकडं हाच नियम लावा म्हणाले. भाच्याचं म्हणणं, आपल्या खेळात बोलीला वरची मर्यादाच नाही, तिथं निम्म्यावर बोली उघडली तर उघडणारा किती वाढवेल याला धरबंद राहणार नाही. लिमिटमध्ये उघडली तरी पुढची वाढ ठरलेल्या आकड्याचीच असते. मुद्दा त्याचा बरोबर आहे. पण ताई दाजींच्या बाजूनं गेली, जाऊबाई ताईच्या बाजूनं, आणि घरच्या डावात निम्म्याचा नियम लागू झाला.

मग दाजींनी विचारलं, त्या रात्रीचा निकाल आता कसा लावायचा. मी सांगितलं, तुमचे पंधरा होते दाजी. चाळीसचे निम्मे वीस.